न मागितलेली वर्गणी

जून-जुलै आला की देहूरोड, पिंपरी, चिंचवडच्या दुकानांत लॅपटॉप घेणाऱ्या पालकांची गर्दी होते. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा बाप मुलीच्या डिप्लोमासाठी, इंजिनिअरिंगसाठी हप्त्यावर लॅपटॉप घेतो. ही चैन नव्हे, पोटाला चिमटा काढून केलेला शिक्षणाचा खर्च आहे. आणि नेमका याच माणसाचा खिसा कापण्याची सोय त्या खोक्यात आधीच करून ठेवलेली असते. आमच्याकडे येणाऱ्या पावत्या पाहूनच आम्ही हे लिहीत आहोत.

पावती नीट वाचा. एका ओळीत लॅपटॉपची किंमत, त्याखाली ॲन्टीव्हायरस, त्याखाली वाढीव वॉरंटी, कधी कधी विमासुद्धा. हे आपण मागितले होते काय? विचारले तर उत्तर मिळते, "काका, हे सगळ्यांनाच घ्यावं लागतं, कंपनीची स्कीमच तशी आहे." सगळ्याची बेरीज करूनच हप्ता पाडलेला असतो, त्यामुळे जादा गेलेले पैसे ध्यानातही येत नाहीत. ज्या पिढीच्या गळ्यात रेशनच्या साखरेबरोबर नको असलेली चहापत्ती आणि नव्या गॅसबरोबर एजन्सीची शेगडी मारली गेली, तिला ही युक्ती नवी नाही. फरक एवढाच, की चहापत्ती एकदाची संपत होती. ही वर्गणी संपत नाही.

कारण खरा खेळ घरी गेल्यावर सुरू होतो. संगणक बनविणाऱ्या कंपन्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांचा माल संगणकात आधीच भरून देतात. महिनाभर किंवा वर्षभर तो फुकट चालतो. मुदत संपत आली की पडद्यावर लाल चौकटी उघडू लागतात : तुमचा संगणक धोक्यात आहे! परीक्षा तोंडावर आलेली मुलगी घाबरते, बापाच्या कार्डाचा नंबर टाकते, ओटीपी देते. त्या एका ओटीपीने दरवर्षी आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली गेली, हे तिला कोण सांगणार? वास्तविक विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, व्हायरसपासून संरक्षण विंडोजमध्येच दिलेले आहे. बाहेरचा ॲन्टीव्हायरस काढून टाकला की ते आपोआप कामाला लागते. लिहिण्या-हिशेबासाठी लिब्रेऑफिस फुकट मिळते, त्यात मराठीही चालते. दुकानात मात्र हे कुणी सांगत नाही.

जयंतीची वर्गणी मागणारी पोरे निदान पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. ही वर्गणी दार न वाजवता खात्यातून जाते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि ती कपात नाकारण्याचा हक्क त्याला आहे. पण सूचना बहुधा इंग्रजीत येते, आणि ज्याच्या फोनवर ती येते तो बाप तेव्हा पाळीवर असतो.

आता कायदा पाहू. एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) नुसार निर्बंधक व्यापारी प्रथा आहे. "आम्ही तर फुकट दिले," हा बचावही पुरत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवणुकीच्या १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फुकट सेवेसाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप कपातीची परवानगी देण्यास भाग पाडणे आणि वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे, हे दोन्ही त्यांत आहे. अमेरिकेत २००९ मध्येच सिमँटेक आणि मॅकॅफी या बड्या ॲन्टीव्हायरस कंपन्यांना आपोआप नूतनीकरणाच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडचा ग्राहक मात्र गप्प बसतो. हप्ता चालू आहे, उद्या दुरुस्तीला याच दुकानात यायचे आहे, भांडण कशाला, असा विचार तो करतो. या भिडेवरच तर धंदा चालला आहे.

तेव्हा खरेदीच्या वेळीच प्रत्येक ओळीची किंमत विचारा आणि नको ते पावतीतून काढायला लावा. पावती न देणे हीसुद्धा याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चालू असलेली कपात बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन बंद करता येते. दुकानदार अडवू लागला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, ऑनलाइनही दाखल होते. आणि आमच्या धंद्याचे नुकसान होईल, तरी सांगतो : वकील लागत नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या लॅपटॉपची पावती कपाटात असेल, तर ती आजच बाहेर काढून वाचा.