प्रथिनांचे संगणकीय कोश आणि गुलाबी बोंडअळी

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पुन्हा का येऊ लागली, हा प्रश्न आपणा सर्वांना पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना शेताइतकीच संगणकाचीही मदत झाली. ती कशी, हे थोडक्यात पाहू.

प्रथिनांची अक्षरमाळ

प्रत्येक प्रथिन २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळीने बनते. प्रत्येक आम्लाला एक अक्षर दिले, तर प्रथिन म्हणजे एक लांबलचक शब्दच होय. बीटी कपाशीतील क्राय १ एसी या प्रथिनाचे मूळ पूर्ण रूप सुमारे ११७८ अक्षरांचे आहे. ही साखळी ठरावीक रीतीने दुमडते व तिला आकार येतो. प्रथिनाचे काम या आकारावर अवलंबून असते.

माहितीचे कोश

जगभर शोधलेल्या प्रथिनांचे आकार साठविण्यासाठी १९७१ साली ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली. अक्षरक्रमांसाठी १९८६ साली ‘स्विस-प्रॉट’ हा कोश निघाला. पुढे तो इतर संग्रहांशी जोडून २००२ पासून ‘युनिप्रॉट’ झाला. १९९० साली आलेली ‘ब्लास्ट’ ही संगणक प्रणाली नव्या प्रथिनाचा क्रम कोशातील क्रमांशी ताडून साम्य दाखविते. नवे प्रथिन पिकात घालण्यापूर्वी ते ज्ञात विषारी किंवा ॲलर्जीकारक प्रथिनांसारखे आहे काय, हे अशाच तुलनेने प्रथम तपासतात. ‘अल्फाफोल्ड’ ही प्रणाली तर केवळ अक्षरक्रमावरून आकाराचा अंदाज बांधते. २०२२ पर्यंत तिच्या कोशात २० कोटींहून अधिक आकार जमा झाले. हे सर्व कोश विनामूल्य खुले आहेत.

अळी का मरते, का वाचते?

क्राय प्रथिनाच्या आकारात तीन भाग दिसतात. दोन भाग अळीच्या आतड्यातील पेशींवर चिकटण्याचे काम करतात. तिसरा भाग पेशीला छिद्र पाडतो. त्यामुळे आतडे निकामी होऊन अळी मरते. चिकटण्याची एक जागा म्हणजे आतड्यातील कॅडहेरिन हे प्रथिन. क्राय ही किल्ली मानली, तर कॅडहेरिन हे कुलूप.

भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांचे कॅडहेरिन २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले. नेहमीच्या क्रमाशी तुलना करता जनुकाची आठ बिघडलेली रूपे आढळली. म्हणजे किल्ली तीच राहिली, कुलूपच बदलले! २००६ साली आलेल्या बोलगार्ड-२ मध्ये क्राय २ एबी हे दुसरे प्रथिन आहे. त्याच्या बाबतीत एबीसीए-२ या दुसऱ्याच प्रथिनातील बिघाडामुळे अळी वाचते. दोन्ही वाटा बंद झाल्याने २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले.

आपण काय करावे?

वाणाचे नाव बदलले तरी आतील बीटी प्रथिने तीच असतात. म्हणून केवळ पाकीट बदलून गुलाबी बोंडअळी आटोक्यात येणार नाही. तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) मान्सूनपूर्व लागवड टाळावी.
२) हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावेत.
३) डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. दर आठवड्याला हिरवी बोंडे फोडून पाहावीत. १० टक्के प्रादुर्भाव दिसताच शिफारशीप्रमाणे फवारणी करावी.
४) फरदड घेऊ नये. पीक डिसेंबरअखेर संपवून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी.
५) बिगर-बीटी आश्रय बियाणे टाकून देऊ नये. अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा असर टिकून राहण्यास त्याची मदत होते.

प्रयोगशाळेत कुलूप बदलल्याचे कळले, तरी अळीचे जीवनचक्र तोडण्याचे काम शेतातच करावे लागते. गावातील सर्वांनी मिळून फरदड बंद केली, तर पुढील हंगामाची निम्मी लढाई आधीच जिंकली जाईल.