किर्लोस्करवाडीत माणसे का टिकली?

कामगार मन लावून काम करत नाहीत, ही तक्रार आपल्या उद्योजक सभासदांकडून नेहमी ऐकू येते. अशा वेळी आपल्याच भागातल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, सायकलींचे दुकान बेळगावात. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पंचवीसेक कामगार बायकामुलांसह त्यांच्यामागे गेले. नुसत्या पगारासाठी अशा रानात कोण जाईल?

लक्ष्मणराव शिक्षणावरून माणूस जोखत नसत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक इंजिनिअर झाले. त्याहून धाडसाचे म्हणजे, तुरुंगातून सुटून आलेल्यांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांना गाव दारात उभे करत नाही, त्यांच्या हाती कारखान्याची राखण! एवढी जबाबदारी मिळाली की माणूस ती जिवापाड सांभाळतो, कारण आता त्याची स्वतःची पत पणाला लागलेली असते. बोनस हवाच, पण ही पत बोनसने मिळत नाही. हे पहारेकरी पुढे वाडीचे भरवशाचे रक्षक ठरले. वाडीत अस्पृश्यता पाळायलाही लक्ष्मणरावांनी बंदी केली होती. त्या काळी हे काही सोपे नव्हते.