ऋतुस्रावपूर्व लक्षणसमूह

ऋतुस्राव (मासिक पाळी) सुरू होण्यापूर्वीच्या एकदोन आठवड्यांत वारंवार उद्भवणाऱ्या आणि स्राव सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ओसरणाऱ्या शारीरिक व मानसिक तक्रारींना ही संज्ञा देतात. प्रत्यक्ष स्रावकाळातील ओटीपोटदुखी यापासून वेगळी मानतात. या विषयावरील बरेचसे संशोधन महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थिनींवर झालेले आहे.

चिडचिड, उदासीनता, रडू येणे, अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव व निद्रेत बिघाड ही मानसिक, तर स्तनांचा दुखरेपणा, पोट फुगल्यासारखे वाटणे, डोकेदुखी व थकवा ही शारीरिक लक्षणे होत. सौम्य लक्षणे पुष्कळ स्त्रियांत आढळतात व त्यांना विकार म्हणत नाहीत. अध्ययन, नित्यकर्मे वा परस्परसंबंध यांत बाधा आली, तरच लक्षणसमूहाचे निदान करतात. याच्या तीव्र मानसिक प्रकारास अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले.

न्यूयॉर्क येथील स्त्रीरोगतज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये ‘ऋतुस्रावपूर्व ताणा’चे वर्णन केले. रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन या ब्रिटिश वैद्यांनी १९५३ मध्ये प्रस्तुत व्यापक संज्ञा रूढ केली.

अंडमोचनानंतर ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनांच्या पातळ्यांत होणारे चढउतार लक्षणांच्या मुळाशी असतात. तथापि या स्त्रियांत हॉर्मोनांचे प्रमाण सामान्यतः प्राकृतच असते. त्यांच्यातील बदलांना मेंदू अधिक संवेदनशील असतो, असे १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. सेरोटोनिन या तंत्रिकांमधील संदेशवाहक द्रव्याचाही यात संबंध असावा.

अपेक्षेचाही तक्रारींच्या कथनावर परिणाम होतो. डायान रूबल यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील ४४ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऋतुस्राव एकदोन दिवसांवर आला आहे, असे ज्यांना खोटेच सांगण्यात आले, त्यांनी त्यास अद्याप अवकाश आहे असे सांगितलेल्यांपेक्षा काही लक्षणे अधिक नोंदविली. यावरून हा विकार काल्पनिक ठरत नाही. केवळ स्मरणावर विसंबणारी प्रश्नावली अपुरी असते, एवढेच सिद्ध होते.

म्हणून निदानासाठी किमान दोन ऋतुचक्रांत लक्षणांची दैनंदिन नोंद ठेवणे आवश्यक असते. तक्रारी महिनाभर टिकत असल्यास अवसादावस्था, पांडुरोग (रक्तक्षय) अथवा अवटू ग्रंथीचा विकार यांचा शोध घ्यावा लागतो. ‘पाळीचेच आहे’ अशा समजुतीमुळे अवसाद दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. आत्मघाताचे विचार येत असल्यास नोंदवही पूर्ण होण्याची वाट न पाहता तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

सौम्य प्रकारात नियमित व्यायाम, पुरेशी झोप व विकाराची समज उपयुक्त ठरतात. कॅल्शियमाच्या सेवनानेही काहींना उतार पडतो. तीव्र प्रकारात सेरोटोनिनाचे कार्य वाढविणारी औषधे, काही संततिप्रतिबंधक गोळ्या व मानसोपचार यांचा वैद्याच्या सल्ल्याने उपयोग करतात.

ज्या कुटुंबांत ऋतुस्रावास विटाळ मानून त्याविषयी मौन पाळले जाते, तेथील विद्यार्थिनीस हा त्रास सांगणे कठीण जाते. परीक्षांची वेळापत्रकेही ऋतुचक्राची दखल घेत नाहीत. कोचीन विज्ञान व तंत्रविज्ञान विद्यापीठाने २०२३ मध्ये ऋतुस्रावानिमित्त विद्यार्थिनींना प्रतिसत्र उपस्थितीत २ टक्के सवलत दिली. अशा सवलतींबरोबरच वसतिगृहे व महाविद्यालये यांत विश्वासाने बोलता येईल असा वैद्यकीय सल्ला उपलब्ध असणे महत्त्वाचे आहे.