मताचा हक्क आणि नोंदणीचे टेबल

अमेरिकेचा आधुनिक इतिहास आपल्याकडे बहुधा थोर नावांच्या माळेसारखा सांगितला जातो. लिंकनने गुलाम मुक्त केले, मार्टिन ल्यूथर किंगने मोर्चे काढले, जॉन्सनने कायदा केला; प्रकरण संपले. या मांडणीत एक प्रश्न दडपला जातो. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या घटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० सालीच सांगून टाकले होते. मग त्याच हक्कासाठी १९६५ साली काळ्या माणसांना डोकी का फोडून घ्यावी लागली? मधल्या पंचाण्णव वर्षांत ही दुरुस्ती कोणी रद्द केलेली नव्हती. या प्रश्नाचे उत्तर मला राष्ट्राध्यक्षांच्या चरित्रांत सापडत नाही. ते दक्षिणेतल्या सरकारी कचेरीत, मतदार नोंदणीच्या टेबलावर सापडते. म्हणून या लेखात मी त्या टेबलाचाच इतिहास सांगणार आहे.

यादवी युद्ध १८६५ साली संपले. पराभूत दक्षिणेत केंद्राचे सैन्य होते आणि त्याच्या संरक्षणात कालचे गुलाम मतदानाला जाऊ लागले. ज्या मिसिसिपीत काळ्या माणसाची बाजारात बोली लागत होती, त्याच मिसिसिपीतून १८७० साली हायरम रेव्हेल्स हा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर वॉशिंग्टनला गेला. पाठोपाठ १८७५ साली ब्लँच ब्रूस गेला. तो तर जन्माने गुलाम होता. याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. जोतीरावांनी ज्याचा गौरव केला, ते परिवर्तन खरेच घडत होते.

पण चारच वर्षांत ते मोडले. १८७६ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक वादात सापडली. रिपब्लिकन पक्षाचा हेज अध्यक्ष झाला आणि १८७७ साली दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी उभे असलेले सैन्य मागे घेण्यात आले. सैन्य गेल्यावर सत्ता जुन्या मालकवर्गाकडे परतली. आधी बंदुकीच्या आणि दोरखंडाच्या धाकाने काळ्या माणसाला मतपेटीपासून दूर ठेवले गेले. पुढे त्या दहशतीला कायद्याचे वस्त्र नेसवण्यात आले.

हे काम मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना करून साधले. तिच्यात ‘काळ्यांना मत नाही’ असे कुठेही लिहिलेले नव्हते; तसे लिहिता येत नव्हते. दोन डॉलर मतदान कर भरावा आणि राज्यघटनेतील कोणतेही कलम वाचून दाखवावे, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा योग्य अर्थ सांगावा, एवढीच अट. कलम कोणते द्यायचे हे नोंदणी अधिकारी ठरवणार. अर्थ योग्य आहे की नाही, हेही तोच ठरवणार. अधिकारी गोरा. गोऱ्याला सोपे कलम, काळ्याला वकिलालाही घाम फुटेल असे कलम. १८९८ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कायद्याच्या शब्दांत वर्णभेद दिसत नाही म्हणून न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. त्याच वर्षी लुइझियानाने, ज्याला १ जानेवारी १८६७ पूर्वी मत होते त्याला आणि त्याच्या मुलानातवांना परीक्षेतून सूट दिली. त्या तारखेपूर्वी तिथे काळ्यांना मत नव्हतेच! परिणाम आकड्यांत पाहा. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

घटनेतला शब्द जागच्या जागी होता. तो मोडण्याचा अधिकार मात्र एका कारकुनाच्या मर्जीवर सोडलेला होता.

या टेबलासमोर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी एक बाई येऊन उभी राहिली. फॅनी लू हेमर तिचे नाव. ती वीस भावंडांतली शेवटची. वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. दुसऱ्याच्या मळ्यावर वाट्याने राबणारी. तिने त्या मळ्यावर अठरा वर्षे काढली होती. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे, हे तिला त्याच महिन्यात चर्चमध्ये भरलेल्या सभेत प्रथम कळले. इतर सतरा जणांसोबत ती बसने इंडियानोला गावच्या कचेरीत गेली. तिला घटनेतले एक किचकट कलम देण्यात आले. अर्थात ती नापास झाली. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग जादा पिवळा आहे या सबबीवर चालकाला दंड केला. घरी पोहोचते तो मळ्याच्या मालकाचा निरोप हजर: अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. तिने त्याच रात्री मळा सोडला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परीक्षा हा या यंत्रणेचा केवळ एक दात होता. अर्ज करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापण्याचा कायदा मिसिसिपीने १९६२ साली केला. नाव छापले की मालक, सावकार, दुकानदार सगळ्यांना कळे. ज्याची जमीन नाही, घर नाही, चूलसुद्धा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर पेटते, त्याच्याकडून मत काढून घ्यायला वेगळा कायदा कशाला हवा? हेमर जानेवारी १९६३ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाली. पण मतदान कराच्या दोन पावत्या नाहीत म्हणून तिला मत देऊ दिले नाही. जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला असे मारले, की तिचे मूत्रपिंड कायमचे दुखावले.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने हे सारे सांगितले. मिसिसिपीच्या पक्षाने केवळ गोरे प्रतिनिधी पाठवले होते. काळ्यांनी आपला वेगळा फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष काढून त्यांच्या जागांवर हक्क सांगितला होता. तिचे बोलणे चालू असताना जॉन्सनने घाईने पत्रकारांना बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. पण संध्याकाळी दूरचित्रवाणीने तिची साक्ष दाखवलीच. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. मळ्यावरून आलेल्या माणसांनी त्या नाकारल्या. जॉन्सनला श्रेय देणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

पुढचे वळण अलाबामातल्या सेल्मा गावी आले. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे लोक मताच्या हक्कासाठी पुलावरून निघाले असता पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. तो पूल ज्याच्या नावाचा, तो एडमंड पेटस गुलामगिरीसाठी लढलेला सेनापती होता. ते दृश्य देशाने पाहिले. ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर सही झाली.

या कायद्याचे मर्म नीट समजून घ्यावे. जिथे अशा परीक्षा होत्या आणि १९६४ साली निम्म्यांहून कमी प्रौढ नोंदलेले होते किंवा मतदानाला आले होते, तिथे परीक्षा स्थगित झाल्या. नाव नोंदवायला केंद्राचे अधिकारी पाठवण्याची सोय झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या राज्यांना मतदानाच्या नियमात कोणताही बदल करायचा असेल तर आधी केंद्राची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागे. बदलाने अन्याय होत नाही हे राज्याने सिद्ध करायचे. पूर्वी अन्याय झाला हे पीडिताने सिद्ध करायचे होते, तेही निवडणूक उरकल्यावर. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. मिसिसिपीत कायद्यापूर्वी पात्र काळ्या नागरिकांपैकी जेमतेम ७ टक्के नोंदलेले होते. १९६७पर्यंत ते ६० टक्क्यांच्या घरात गेले. माणसे तीच, घटना तीच. टेबल मात्र बदलले.

२५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना मंजुरी लागेल हे ठरवणारे सूत्र रद्द केले. परिस्थिती बदलली, जुने निकष आता चालणार नाहीत, असा बहुमताचा युक्तिवाद होता. सूत्र गेल्यावर मंजुरीची अट निष्प्राण झाली. आधी अडवला गेलेला मतदार ओळखपत्राचा कायदा अमलात आणण्याची घोषणा टेक्ससने त्याच दिवशी केली. १८७७ साली सैन्य उठले, २०१३ साली पहारा उठला. दोन्ही वेळा प्रश्न सुटल्याचे कारण पुढे केले गेले.

अमेरिकेच्या इतिहासाकडे मी या दृष्टीने पाहतो. हक्क लिहिला गेला की वळण आले, असे मी मानत नाही. तो बजावायला निघालेल्या माणसाची भाकर कोणाच्या हातात आहे आणि त्याचे नाव यादीत घालणारा अधिकारी कोणाला जबाबदार आहे, हे आधी विचारले पाहिजे. १९६२ साली इंडियानोलाच्या कचेरीत गेलेल्या अठरा जणांनी हाच प्रश्न विचारला होता आणि त्याची किंमत हेमरला स्वतःच्या घरादाराने मोजावी लागली.