विश्लेषण : ब्रिटनमधील ‘इयर ११’ म्हणजे आपली अकरावी नव्हे! तिथे इयत्ता कशा मोजतात?

नोकरीनिमित्त कुटुंबासह ब्रिटनला जाणाऱ्या पालकांना मुलांच्या शाळेची चिंता असते. तिथला ‘इयर ११’ म्हणजे आपली अकरावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये ते दहावीच्या वयाच्या मुलांचे बोर्डाचे वर्ष आहे. हा एका आकड्याचा फरक महागात पडू शकतो.

आकडा पुढे का?

इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाले की ‘रिसेप्शन’ वर्गात जाते आणि पाचव्या वर्षी ‘इयर १’ सुरू होते. आपल्याकडे पहिलीला सहावे वर्ष लागते. त्यामुळे तिथला आकडा साधारण एकने पुढे असतो. आपली नववी म्हणजे ‘इयर १०’, तर दहावी म्हणजे ‘इयर ११’.

वर्ग कसा ठरतो?

सरकारी शाळांत कोणती इयत्ता उत्तीर्ण केली यापेक्षा जन्मतारीख पाहिली जाते. गणना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी होते. जुलै २०१० आणि सप्टेंबर २०१० मध्ये जन्मलेली दोन मुले महाराष्ट्रात एकाच वर्गात असू शकतात. इंग्लंडमध्ये मात्र २०२५-२६ या वर्षात पहिले मूल ‘इयर ११’मध्ये, तर दुसरे ‘इयर १०’मध्ये असेल.

अडचण कुठे येते?

‘इयर १०’ आणि ‘इयर ११’ मिळून ‘जीसीएसई’ परीक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण होतो. त्यामुळे थेट ‘इयर ११’मध्ये दाखल झालेल्या मुलाचा निम्मा अभ्यास आधीच होऊन गेलेला असतो. इंग्लंडमध्ये आता या परीक्षेत ९ ते १ अशी श्रेणी मिळते, ९ सर्वोच्च. इंग्रजी आणि गणितात किमान ४ श्रेणी न मिळाल्यास पुढील शिक्षण घेतानाही हे विषय सुरू ठेवावे लागतात.

‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणजे काय?

पूर्वी माध्यमिक वर्गांना ‘फर्स्ट फॉर्म’, ‘सेकंड फॉर्म’ असे म्हणत. १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर सलग क्रमांक रूढ झाले, पण शेवटच्या दोन वर्षांचे ‘सिक्स्थ फॉर्म’ हे नाव टिकून राहिले. ‘इयर १२’ आणि ‘इयर १३’ म्हणजे आपली अकरावी-बारावी. येथे ‘ए लेव्हल’साठी बहुतेक विद्यार्थी तीनच विषय घेतात.

‘कॉलेज’ म्हणजे पदवी महाविद्यालय?

बहुतेकदा नाही. तिथे ‘कॉलेज’ म्हणजे सहसा १६ वर्षांनंतरचे ‘फर्दर एज्युकेशन’. त्यात ‘ए लेव्हल’सोबत ‘बीटेक’ आणि २०२० पासून सुरू झालेले ‘टी लेव्हल’ असे व्यवसायाभिमुख पर्याय असतात. यातील ‘बीटेक’ ही अभियांत्रिकीची पदवी नव्हे! पदवी शिक्षणाला ‘हायर एज्युकेशन’ म्हणतात.

संपूर्ण ब्रिटनमध्ये हीच पद्धत आहे?

नाही. वेल्समध्ये वर्गांचे क्रमांक इंग्लंडसारखेच आहेत. स्कॉटलंडमध्ये ‘पी १’ ते ‘पी ७’ आणि नंतर ‘एस १’ ते ‘एस ६’ असे वर्ग असतात. उत्तर आयर्लंडमध्ये ‘पी ७’नंतर थेट ‘इयर ८’ येते आणि ‘जीसीएसई’ ‘इयर १२’मध्ये होते.

पालकांनी काय करावे?

शक्य असल्यास ‘इयर १०’च्या सुरुवातीला किंवा दहावी पूर्ण करून ‘इयर १२’च्या सुरुवातीला स्थलांतर करणे सोयीचे ठरते. दहावीचे गुण ग्राह्य धरणार का, हे आधी संबंधित संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.