संशोधकाची पत

बँकेत हयात गेलेल्या माणसाच्या डोक्यातून 'पत' हा शब्द सहजी जात नाही. कर्जदाराची पत, जामीनदाराची पत, वसुलीच्या वेळी उघडी पडणारी पत. निवृत्तीनंतर कळले की संशोधकांचीही पत मोजतात. एखाद्याच्या शोधनिबंधाचा दाखला दुसऱ्याने आपल्या निबंधात दिला, की पहिल्याच्या खात्यावर एक जमा. अशा दाखल्यांची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली अमेरिकेत सुरू केली. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने आणखी सोपा आकडा काढला : वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस दाखले मिळाले असतील, तर निर्देशांक वीस. सोपा आकडा साहेबलोकांना आवडतोच. तो आवडला.

आता आमच्या कामरगावाकडे या. वाशीम जिल्ह्यातल्या या गावात मधुमेहाला 'शुगर' म्हणतात आणि ती लठ्ठ शेठजींना होते, असा पक्का समज आहे. एका काटकुळ्या शेतकऱ्याला तपासून घ्या म्हटले, तर तो हसला. "मले कशाची शुगर? आंगावर मास तरी आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. आहार, वजन, उंची, पाणी आणण्यापासूनचे कष्ट, सगळे नोंदले. तिथली ६३१ बाळे आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३३८ बाळे यांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. यात नवल नव्हते. नवल पुढे होते : आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःचा फोटो छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत गाठणे. याज्ञिकांचे जन्मवजनही कमीच होते, हेही त्यांनी तिथे सांगून टाकले. स्वतःला असे तराजूत घालणारा माणूस मला आवडतो.

या निबंधांना जगभरातून शेकडो दाखले मिळाले. पण दाखल्यांच्या हिशेबात एक खोट आहे. एखाद्याने खोडून काढण्यासाठी नाव घेतले तरी जमाच होते. आणि कामरगावात कोणी वागणूक बदलली, तर काहीच जमा होत नाही.

खरे म्हणजे गृहिणींच्या उपयोगाचे बरेच या अभ्यासात आहे. २००१ च्या निबंधात बाळाच्या वाढीचा संबंध आईने किती पोळ्या-भाकरी खाल्ल्या याच्याशी दिसला नाही. तो पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी दिसला. २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणून फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फेकून द्यायच्या नाहीत. त्या डॉक्टर सांगतील तशाच घ्यायच्या. पण बी-१२ दूध-दही, अंडी, मांस यांतून मिळते, आणि आपल्याकडे घरातले दूध आधी चहात, मग पुरुषांच्या वाटीत आणि उरले तर सुनेला.

अशा निबंधावर लेखकांची नावे असतात. मोजमापाला उभ्या राहिलेल्या बायांची नसतात, आणि गोपनीयतेमुळे ती नसावीतही. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर मूळ भांडवल त्यांचे. शेतातले काम टाकून त्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, रक्त दिले, मुलांनाही पुन्हा पुन्हा तपासायला आणले. २०१२ पासून त्याच मुलामुलींना, वयात आल्यावर, बी-१२ देऊन पुढच्या पिढीच्या बाळांवर परिणाम होतो का, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. १९९३ सालच्या त्या सुनांपैकी काहीजणी आता आज्या आहेत.