ईव्ही घेऊन ड्रॅग स्ट्रिपवर: गाडी न उघडता केलेली तयारी

"दादा, ह्या गाडीला सायलेन्सर नाही, टर्बो नाही, गिअर नाहीत. मग रेससाठी तू तयार काय करतोस? काचा पुसतोस?"

कोल्हापूरहून माझ्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर हा प्रश्न विचारला आणि मी हसलो. पण त्याचा पुढचा प्रश्न ऐकून हसू गेलं. काकांनी नुकतीच ईव्ही घेतली आहे. "रात्री हायवेला एकदा पूर्ण दाबून बघू का?"

त्याला उपदेश करण्याचा मला फारसा हक्क नाही. मी अमेरिकेत फ्रिमाँटला राहतो आणि २०२१ची टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स चालवतो. गाडी नवीन असताना एका रात्री फ्रीवेवर मीही हाच मूर्खपणा केला होता. बायको शेजारी बसली होती. घरी पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुन्हा करायचं असेल तर आधी मला उतरव." पुढच्या आठवड्यात मी घरापासून साधारण १०० किलोमीटरवर असलेल्या सोनोमा रेसवेची वाट धरली. तिथे ठरलेल्या संध्याकाळी कोणीही आपली रोजची गाडी घेऊन ड्रॅग स्ट्रिपवर उतरू शकतो.

भावाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तीन खेपांनंतर मिळालं. ईव्हीची तयारी पान्याने कमी आणि चार्जर, थर्मामीटर आणि वहीने जास्त होते. कशी, ते बघू.

ड्रॅग रेस म्हणजे नक्की काय?

दोन गाड्या, सरळ रस्ता आणि पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर. उभ्या जागेवरून सुटायचं आणि शेवटची रेषा गाठायची. अमेरिकेत या खेळाचे नियम मुख्यतः नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ठरवते. ही संस्था १९५१मध्ये कॅलिफोर्नियातच सुरू झाली. रस्त्यावरच्या शर्यती थांबवून मुलांना सुरक्षित जागा द्यायची, हा तिच्या स्थापनेमागचा एक मोठा हेतू होता.

प्रत्येक फेरीनंतर हातात एक चिठ्ठी मिळते, टाइम स्लिप. त्यावर पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ, पूर्ण अंतराचा वेळ आणि शेवटचा वेग छापलेला असतो. दिवा हिरवा झाल्यावर तुम्ही किती उशिरा सुटलात, तो रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा छापतात. पूर्ण अंतराचा वेळ मोजणं चाक सुरुवातीच्या किरणातून बाहेर पडल्यावरच सुरू होतं. म्हणून तुम्ही दिव्याकडे बघत झोपलात तरी चिठ्ठीवरचा वेळ चांगला येऊ शकतो. शर्यत मात्र तुम्ही हरलेले असता.

पहिल्या रात्री काय चुकलं?

मी ऑफिसमधून थेट गेलो होतो. बॅटरी ५८ टक्के, डिकीत जिमची बॅग आणि पाण्याचा क्रेट, टायरमध्ये नेहमीची हवा. वाटलं, कंपनीने एवढी वेगवान गाडी दिलीय, अजून काय पाहिजे? वेळ आला १२.३८ सेकंद. दुसरी फेरी त्याहून हळू.

तिसऱ्या खेपेला त्याच गाडीने ११.७२ सेकंद दिले. एकही पार्ट बदलला नव्हता. ०.६६ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या वेगात हा फरक तीसेक मीटरचा होतो. म्हणजे सहा-सात गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढा.

बॅटरी भरलेली का हवी?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. एका फेरीला ऊर्जा फारच थोडी लागते. माझ्यासकट गाडीचं वजन साधारण १,९३० किलो आणि शेवटचा वेग ताशी १८७ किलोमीटर धरला, तर गतिज ऊर्जा निघते सुमारे ०.७२ युनिट. वारा आणि उष्णतेत जाणारी धरून १ युनिटच्या आसपास. बॅटरी साधारण ८० युनिटची आहे. मग ५८ टक्के काय वाईट होते?

मुद्दा साठ्याचा नाही, व्होल्टेजचा आहे. या बॅटरीत सेलचे ९६ गट एकामागे एक जोडलेले आहेत. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण सुमारे ४०३ व्होल्ट. अर्ध्यावर आलेला सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे एकूण ३५५. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. समजा करंट १,००० अँपिअर आहे आणि बॅटरीचा आतला रोध ०.०५ ओहम आहे. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. मग ५० व्होल्ट आतच खर्ची पडतात. भरलेल्या बॅटरीकडून मोटरला ३५३ किलोवॉट मिळतात, अर्ध्या बॅटरीकडून ३०५.

गच्चीवरची टाकी आठवा. टाकी काठोकाठ असली की खालच्या नळाला धार जोरात येते. बादली तेवढीच भरायची असली तरी फरक पडतोच.

आणि गरम का हवी?

त्याच हिशेबातला रोध आता ०.०७ धरा. भरलेली बॅटरी असूनही ३५३चे ३३३ किलोवॉट होतात. थंड बॅटरीत हेच होतं. सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, रोध वाढतो आणि गाडीचं सॉफ्टवेअर सेल जपण्यासाठी स्वतःच पॉवर कमी करतं.

मॉडेल ३मध्ये बॅटरीसाठी वेगळा हीटर नाही. गाडी मोटरमधून मुद्दाम अकार्यक्षम पद्धतीने करंट सोडते आणि त्यातून निघालेली उष्णता कूलंटमार्फत बॅटरीला देते. नेव्हिगेशनमध्ये फास्ट चार्जरचा पत्ता टाकला की हे आपोआप सुरू होतं, कारण गरम बॅटरी लवकर चार्ज होते.

माझी युक्ती यातूनच आली. घरून ट्रॅकचा पत्ता टाकायचाच नाही. ट्रॅकजवळच्या फास्ट चार्जरचा टाकायचा, तिथे ९५ टक्क्यांपर्यंत चार्ज करायची आणि लगेच ट्रॅक गाठायचा. एकाच थांब्यात बॅटरी भरते आणि गरमही होते. ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडॉप्टर लावून मी तापमान बघत असतो. माझ्या नोंदींत ४५ ते ५० अंश सेल्सियसला सर्वांत चांगले वेळ आले आहेत. जास्त तापवूनही उपयोग नाही. एका मर्यादेनंतर सॉफ्टवेअर पुन्हा पॉवर कापतं. आणि ९५ टक्के चार्ज करून गाडी दोन-तीन दिवस तशीच उभी करू नका, सेलच्या आयुष्याला ते चांगलं नाही.

टायर आणि वजन

इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते. तो रस्त्यावर उतरवायचं काम चार टायरचं. माझ्या गाडीला कंपनी ४२ पीएसआय सांगते, स्ट्रिपवर मी ३६ ठेवतो. त्याखाली जात नाही, कारण हे रस्त्याचे टायर आहेत, ड्रॅगचे नाहीत. सुरुवातीच्या रेषेआधी पाणी टाकलेली जागा असते. ती ड्रॅग टायर घासून गरम करणाऱ्यांसाठी. आपण तिला वळसा घालून जायचं, नाहीतर टायरच्या खाचांतून पाणी थेट रेषेवर जातं आणि मागचे लोक नाव काढतात.

डिकी रिकामी केल्यावर तीसेक किलो कमी झाले. वजन दीड टक्का कमी केलं तर वेळ साधारण अर्धा टक्काच कमी होतो, म्हणजे माझ्यासाठी ०.०६ सेकंद. म्हणून सीट काढा, कार्पेट काढा या भानगडीत मी पडलो नाही. सीटमध्ये आणि आसपास एअरबॅगच्या वायरी असतात आणि याच गाडीने मला घरी जायचं असतं. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर त्यांना हातच लावायचा नाही. त्यांतून ४०० व्होल्ट वाहतात.

निघण्याआधी चाकांचे नट टॉर्क रेंचने १७५ न्यूटन मीटरला तपासायचे. अंगावर फुल पँट, पायात बंद बूट. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे. कुठल्या प्रमाणपत्राचं चालतं ते ट्रॅकला आधी विचारून घ्या.

जे मला कोणी सांगितलं नव्हतं

९३ टक्के बॅटरीवर पहिल्यांदा धावलो तेव्हा रेषा ओलांडून सवयीप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी थांबायचं नावच घेईना! रोज पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, कारण मोटर उलटी जनरेटर बनून बॅटरी चार्ज करते. पण जवळजवळ भरलेल्या बॅटरीत ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते. म्हणून गाडी हे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग खूप कमी करते. ताशी १८७ किलोमीटरला हे कळणं काही बरं नव्हे. स्ट्रिपच्या पुढे थांबायला लांब रस्ता असतो, म्हणून निभावलं. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण बाहेर पडणाऱ्या वळणापर्यंत माझे हात थरथरत होते.

तेव्हापासून नियम एकच: रेषा संपली की पाय थेट ब्रेकवर.

वेगवान असूनही मी हरलो कसा?

हौशी लोकांत ब्रॅकेट रेसिंग जास्त चालतं. आपली गाडी किती वेळ घेईल ते प्रत्येकाने आधीच जाहीर करायचं, त्याला डायल-इन म्हणतात. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. आणि जाहीर केलेल्या वेळापेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद, त्याला ब्रेक-आउट म्हणतात. म्हणजे इथे आपली गाडी ओळखणारा जिंकतो.

मला वाटलं, हे तर आपलं काम. डेटा आहे, एक्सेल आहे. चार्ज १ टक्का उतरला की माझा वेळ साधारण ०.०१ सेकंद वाढतो, एवढं मी शोधून काढलं होतं. चाचणी फेरीत ९० टक्क्यांवर ११.७६ आला. पुढच्या फेरीला ८४ टक्के होते, म्हणून ११.८२ जाहीर केला. समोर साठीतले एक गृहस्थ, जुना पिकअप ट्रक, डायल-इन १४.२०. ते २.३८ सेकंद आधी सुटले. मी त्यांना शेवटच्या क्षणी गाठलं, मूठ आवळली आणि चिठ्ठी बघितली: ११.७७. ब्रेक-आउट.

चूक माझ्या तक्त्यात होती. मी फक्त चार्ज मोजला होता. चाचणी फेरीत आणि रांगेत बॅटरी ४२ अंशांवरून ४९ वर गेली होती आणि तिने उतरलेला चार्ज जवळजवळ भरून काढला होता. एक व्हेरिएबल विसरलो की मॉडेल गंडतं, हे ऑफिसात मी दुसऱ्यांना सांगत असतो. त्या गृहस्थांकडे नुसती एक जुनी वही होती, पण तिच्यात हवेचं आणि इंजिनचं तापमान प्रत्येक फेरीला लिहिलेलं होतं.

आता माझीही वही आहे. फेरीआधी चार गोष्टी लिहितो: चार्ज, बॅटरीचं तापमान, टायरची हवा, रांगेत थांबलेली मिनिटं. डायल-इन त्यावरून ठरतो. अजून एकही ट्रॉफी नाही, पण गेल्या दोन खेपांत माझा अंदाज ०.०३ सेकंदांच्या आत आला आहे.

परतीची तयारी

ही यादीत सर्वांत शेवटी आणि महत्त्वाला पहिली. चार्ज ४० टक्क्यांवर आला की मी फेऱ्या थांबवतो. छोट्या कॉम्प्रेसरने टायर पुन्हा ४२ पीएसआयला आणतो. चाकांचे नट परत तपासतो. मग पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसता बसतो. १८७ची सवय डोळ्यांतून उतरायला तेवढा वेळ लागतो.

भावाला मी हे सगळं सांगितलं. हायवेवर हेल्मेट तपासणारा नसतो, पुढे मोकळा रस्ता नसतो आणि समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर दिव्याशिवाय येऊ शकतो, हेही सांगितलं. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा झालेली आहे. पुढची कधी आहे ते शोधून आधी नुसतं बघून ये, असं म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, ते टायरचं प्रेशर किती म्हणालास? लिहून घेतो."

"पहिलं पान हवेचं नाही," मी म्हटलं. "पहिल्या पानावर काकांची परवानगी लिही."